डाव्या नळीचं काडतूस

उजव्या नळीतलं रिकामं काडतूस नत्थूजींच्या खांद्यावरून उडून मागच्या गवतात पडलं. डाव्या नळीतलं मात्र जागचं हललं नाही.

त्यांनी दुनळी मिटली आणि पुन्हा उघडली. काडतूस तसंच. नखानं पितळेची कड ओढून पाहिली, ती बोटाला चटका देण्याइतकी गरम होती. बँकांच्या गनमॅन लोकांचा वर्षातून एकदा येणारा फायरिंगचा दिवस होता तो, शहराबाहेरच्या मैदानावर. रांगेतले बाकीचे केव्हाच बार काढून मोकळे झाले होते आणि सगळे नत्थूजींकडे पाहत होते.

शिकवणारा निवृत्त फौजी जवळ आला. त्यानं बंदूक हातात घेतली, पुढच्या बाजूनं नळीत लाकडी दांडा घातला आणि दोन ठोके दिले तेव्हा काडतूस कसंबसं बाहेर पडलं.

"चाचाजी, तिसरी गोळी भरायची वेळ आली तर चोराला म्हणाल का, जरा थांब बाबा, दांडा शोधतो?"

लोक हसले. नत्थूजीही थोडं हसले. मग त्यांनी वाकून ते अडलेलं काडतूस उचललं आणि शर्टाच्या खिशात टाकलं.

एजन्सीचा सुपरवायझर भूपेश परतताना त्यांच्यासोबत फाटकापर्यंत चालत आला. पोरगा वाईट नव्हता. "पुढची बॅच पुढच्या गुरुवारी आहे, नत्थूजी. तवापर्यंत दुरुस्त करून आणा. नाई झालं तर मले दुसरा माणूस द्या लागते बँकेले."

"अन् तवापर्यंत मी काय करू?"

"उभे राहा ना दारात. काठी घेऊन."

नत्थूजी रेवतकर सावनेरकडचे. त्यांचे वडील तिकडच्या एका मालगुजाराच्या घरी कारभार पाहायचे. मालगुजाराच्या पोरांनी सगळं विकून टाकलं, तेव्हा ही विलायती दुनळी वडिलांकडे आली. रानडुकरांनी शेतात धुमाकूळ घातला की वडील रात्री एक बार हवेत काढत. वडिलांच्या मागे लायसन्स नत्थूजींच्या नावावर झालं. पुढे बायको देवकी गेली. मुलगी ऋतुजा लग्न होऊन हैदराबादला गेली. घरात जेवायला बसलं की समोर भिंत. तेव्हा त्यांनी शेत धाकट्या भावाला वाहायला दिलं आणि ते नागपुरात आले. या वयात कोण नोकरी देणार होतं? पण घरची बंदूक होती, म्हणून रामदासपेठेतल्या एका बँकेच्या दारात उभं राहायचं काम मिळालं.

काम कठीण नव्हतं. दाराच्या डाव्या अंगाला एक स्टूल होतं. लोक आत येताना उजव्या बाजूनं येत. तसं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण स्टुलाच्या भोवती दोन हात जागा नेहमी मोकळी राहायची. कितीही गर्दी असो, रांग तिथं येऊन वळायची. आया आपल्या लेकरांना पलीकडच्या कुशीत घ्यायच्या. चहावाला सगळ्यांच्या हातात कप द्यायचा, नत्थूजींचा मात्र खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून जायचा. कुणी त्यांच्याशी वाईट वागत नव्हतं. कुणी बोलतच नव्हतं, इतकंच.

संध्याकाळी सायकलवरून मानकापूरच्या खोलीवर आले की ते पोळ्या करत, जेवत, भांडी घासत. मग फरशीवर जुना पेपर पसरून बंदूक घेऊन बसत. दस्त्यापासून सुरुवात करायची आणि नळ्यांच्या टोकापर्यंत यायचं. फटीफटीत तेल सोडायचं, पुसायचं, पुन्हा सोडायचं. तेवढ्यात झोपायची वेळ होऊन जायची.

वडील ज्या दुकानातून काडतुसं आणायचे ते दुकान बंद झालं होतं. शेजारच्या घड्याळवाल्यानं सांगितलं, "मागच्या गल्लीत जा. शामलाबाई हेडाऊ."

सीताबर्डीत मोबाइलच्या कव्हरांचे आणि चष्म्यांचे ठेले ओलांडून ते गल्लीत शिरले. दुकान अरुंद होतं. एक लांब लाकडी बाक, त्यावर लोखंड घट्ट धरायचा शिकंजा, भिंतीवर ओळीनं कानशी. पन्नाशीच्या एक बाई दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा लावून एका एअरगनचा स्क्रू सोडवत बसल्या होत्या.

"मिस्त्री आहेत काय?" नत्थूजींनी विचारलं.

"मीच आहो. बसा."

शामलाबाईंचे आजोबा उमरेडला हातमागावर बसायचे. वडिलांनी माग सोडला आणि बंदुकीच्या दुकानात फिटर झाले. ही लेक वडिलांच्या बाकाशी बसून काम शिकली. त्यांच्यानंतर दुरुस्तीचा परवाना तिच्या नावावर झाला. एवढं सगळं त्यांनी स्क्रू सोडवता सोडवता सांगून टाकलं, कारण नवीन माणूस हे विचारणारच, हे त्यांना माहीत होतं.

मग त्यांनी दुनळी हातात घेतली. आधी उघडली. दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहिलं, पुन्हा बोट घालून खात्री केली. त्यांनी खोटी काडतुसं भरली, दोन्ही घोडे पाडले आणि बंदूक झटक्यानं उघडली. उजवीकडचं काडतूस मागच्या पत्र्यावर टणकन आदळलं. डावीकडचं नखभर वर आलं आणि थांबलं.

"हं," शामलाबाई म्हणाल्या.

त्यांनी नळ्यांखालचा लाकडी भाग काढला, नाकाशी नेला आणि कपाळाला आठी घातली.

"तेल कोणतं टाकता जी?"

"शिलाई मशीनचं. संपलं असलं तर खोबऱ्याचं."

"किती दिवसांनी?"

"रोज."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "रोज? काहून जी? लोक वर्षातून दोनदा नाई टाकत."

नत्थूजींनी मांडीवरची पिशवी नीट केली. मग म्हणाले, "संध्याकाळी वेळ राहते."

शामलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी सुईसारखी एक सळई घेऊन आत दाखवलं. लाकडाच्या पोटात बोटाच्या पेराएवढे दोन हातोडे होते. डाव्या हातोड्याभोवती पिवळट, चिकट थर बसला होता. गुळाच्या पाकाचं पातेलं न घासता ठेवलं की बसतो तसा.

"हे पाहा. बार झाला का बंदूक उघडतानी हा हातोडा इथं टोला देते. मंग काडतूस फेकल्या जाते. तुमचा हातोडा या चिकट पाकात फसून राहिला. ताकद हाय, पण हलताच नाई येत त्याले. त्यात स्प्रिंगही दमली." त्यांनी दोन्ही बाजूंच्या बारीक स्प्रिंगा काढून बाकावर शेजारी शेजारी ठेवल्या. डावी जराशी आखूड दिसत होती. "ठेवून जा. डिझेलात भिजवा लागते. परवा येजा."

बंदूक दुसऱ्याच्या घरी ठेवून जायची ही पहिलीच वेळ. गल्लीच्या टोकाशी सायकलवर बसताना त्यांचा तोल गेला. पाठीवरच्या वजनाची इतकी सवय झाली होती की ते नसताना ते पुढे झुकूनच बसले.

दुसऱ्या दिवशी ते काठी घेऊन दारात उभे राहिले. दहा-पंधरा मिनिटांतच एकानं विचारलं, "काका, केवायसीचा फॉर्म कुठं मिळते?" नत्थूजींनी मागं वळून पाहिलं, आपल्यालाच विचारलं का ते बघायला. मग आणखी एकानं पेन मागितला. चहावाला आला, ट्रे पुढे केला आणि कप सरळ त्यांच्या हातात दिला. देऊन झाल्यावर तो स्वतःच क्षणभर थबकला.

अकराच्या सुमाराला कुसुमावतीबाई आल्या. पेन्शनवाल्या, सत्तरीपलीकडच्या, मागच्याच गल्लीत राहणाऱ्या. दाराच्या पायऱ्यांशी उभं राहून त्या म्हणाल्या, "भाऊ, जरा हात द्या."

नत्थूजींनी कोपर पुढं केलं. बाईंनी ते घट्ट धरलं. पायऱ्या चढून झाल्या तरी त्यांनी हात सोडला नाही, पासबुक छापायच्या मशीनपर्यंत तसंच नेलं. मशीन पासबुक परत परत बाहेर टाकत होतं.

"उलटं आहे, बाई."

"त्या मशीनले काय समजते उलटं-सुलटं!" त्यांनी पासबुक नत्थूजींकडं दिलं. पासबुक छापून येईपर्यंत त्यांनी गुडघ्यांचं सांगितलं, बंद पडलेल्या लिफ्टचं सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या कुत्र्याचंही सांगितलं. मग विचारलं, "तुमी नवीन लागले काय इथं?"

"नाही बाई. लय वर्षं झाले."

"मंग मले कसे नाई दिसले?"

"तो बंदूकवाला राहते ना दारात. तो मीच."

"छट!" कुसुमावतीबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तो उंच आहे. अन् तापट आहे."

"मीच तो, बाई."

त्यांचा विश्वास बसला नाही. जाताना मात्र त्यांनी पुन्हा कोपर धरलं.

त्या दोन दिवसांत नत्थूजी इतकं बोलले की घसा बसला. कुणाची स्लिप भरून दिली, कुणाच्या पिशव्या सांभाळल्या. एका बाईनं तर आपलं लेकरू त्यांच्या स्टुलावर बसवलं आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

संध्याकाळ मात्र अवघड झाली. जेवण झालं, भांडी झाली, सवयीनं पेपर पसरला, आणि मग ते पसरलेल्या पेपरकडे पाहत बसले. हात कुठं ठेवावे हे कळेना. एकदा त्यांनी काठीलाच तेल लावायला घेतलं. अर्ध्यात आपलं आपल्यालाच हसू आलं, मग तेही विरलं. त्यांनी फोन उचलला आणि ऋतुजाला लावला.

"बाबा? काय झालं?" तिचा आवाज घाबरा होता. फोनचा वार रविवार असायचा, सकाळचा.

"काही नाही वं. सहज."

"तब्येत बरी आहे ना? पडले वगैरे नाही ना?"

"नाही नाही. बंदूक दुरुस्तीले टाकली, तर म्हटलं..."

"बाबा, मी आता एका कॉलवर आहे. रविवारी बोलू निवांत? नक्की."

"हो हो. कर तू काम."

वरच्या मजल्यावर घरमालकाकडं कुणीतरी खुर्ची सरकवली. त्यांनी पेपरची घडी घातली.

तिसऱ्या दिवशी बँक सुटल्यावर ते दुकानात गेले. शामलाबाईंनी आतलं सगळं धुऊन, जुन्या सामानातली जुळणारी स्प्रिंग बसवून दुनळी जोडून ठेवली होती. खोटी काडतुसं भरून त्यांनी बंदूक उघडली. दोन्ही एकदम उडाली, दोन्हींचा पत्र्यावर एकच आवाज झाला. नत्थूजी लगेच पिशवी सरसावून उभे राहिले.

"थांबा जी. हा झूठा माल आहे. खरा बार झाला का काडतूस फुगते. मैदानावर अडलं होतं ते काय केलं? फेकलं?"

नत्थूजींनी खिशातून ते काढून दिलं. शामलाबाईंनी आधी उजव्या नळीत घातलं. अलगद गेलं. डाव्या नळीत ते शेवटच्या बोटभर जागेशी करकचून बसलं. त्यांनी ते हलक्या हातानं काढलं, नळ्या बंदुकीपासून सोडवल्या आणि दाराच्या उजेडाकडं धरल्या.

"या. पाहा."

नत्थूजींनी एक डोळा मिटून पाहिलं. नळीच्या मागच्या तोंडाशी, जिथं काडतूस बसतं तिथं, गंजाचं एक काळपट खरबरीत कडं होतं.

"पावसात सायकलीवर आणता ना?"

"पण रेक्झिनचं कव्हर आहे."

"कव्हर बाहेरचं पाणी बाहेर ठेवते अन् आतली ओल आत. बाहेरून रोज तेल पाजलं तुमी. आत कधी कोरडी चिंधीही नाई फिरवली."

ते खरं होतं. बार कधी झालाच नाही तर आत काय पुसायचं, असं त्यांना वाटत आलं होतं.

शामलाबाईंनी एका गोल लाकडी दांड्याच्या फटीत अगदी बारीक पॉलिश पेपर गुंडाळला आणि त्याला तेलाचं बोट लावलं. शिकंज्यात नळ्या धरायला त्या तयार नव्हत्या, दाब पडेल म्हणाल्या. "तुमीच धरा. मांडीवर. हलू देऊ नका." नत्थूजी बाकाच्या टोकाला बसले आणि त्यांनी नळ्या धरल्या. शामलाबाई दांडा आत घालून सावकाश फिरवत होत्या. थोडं फिरवायचं, चिंधीनं पुसायचं, ते अडणारं काडतूस घालून पाहायचं, पुन्हा फिरवायचं.

"जोर लावला तर लवकर होईन ना?" त्यांनी विचारलं.

"लवकर होते अन् वाया जाते. जंग काढायचा, लोखंड नाई काढायचं. नळी ढिली झाली तर काडतूस फाटते तिच्यात."

बाहेर ठेलेवाले दिवे लावत होते. मग नत्थूजींनी विचारलं, "तुमच्या घरी कोण आहे?"

"भाऊ राहते वरच्या मजल्यावर. त्याचे पोट्टे आहेत. त्यांच्या टीव्हीचा आवाज येते मले." त्यांनी काडतूस पुन्हा घालून पाहिलं. "संपला का समजते, आता झोपले."

शेवटी काडतूस डाव्या नळीत सुळकन गेलं, आणि नळी उलटी करताच आपल्या वजनानं बाहेर पडून त्यांच्या मांडीवर आलं. शामलाबाईंनी कंबर सरळ केली.

"झालं. आता ऐका. तेल वर्षातून दोनदा, थेंबभर. बार झाला का नळी आतून साफ. पावसातून आले का कव्हरातून काढून ठेवा. बाकी हात लावू नका तिले."

"वरून पुसलं तर चालन ना? रोज?"

"कोरड्या कपड्यानं पुसा. उघडायची नाई." त्या लाकडी दांडा पुसून भिंतीला टेकवत होत्या. पाठ त्यांच्याकडं होती. "संध्याकाळसाठी दुसरं काही पाहा जी."

गुरुवारी मैदानावर दोन बार झाले आणि बंदूक उघडताच दोन्ही काडतुसं खांद्यावरून मागं गेली. फौजीनं मान हलवली आणि तो पुढच्या माणसाकडं वळला. भूपेशनं पाठीवर थाप मारली. एवढंच झालं. नत्थूजींना वाटलं होतं, कुणी काही म्हणेल.

शुक्रवारी दुनळी घेऊन ते स्टुलावर बसले. रांग त्यांच्यापाशी येऊन वळली. चहाचा कप खिडकीच्या कट्ट्यावर गेला. त्यांनी तो उचलला तोवर चहावाला काउंटरपाशी पोचला होता.

पुढच्याच आठवड्यात कुसुमावतीबाई आल्या. पायऱ्या त्यांनी कठडा धरून चढल्या. मशीनपाशी एका अनोळखी तरुणाला त्या पासबुक दाखवू लागल्या. नत्थूजींना राहवलं नाही.

"बाई, उलटं धरलं."

त्या दचकल्या. आधी नळ्यांकडं पाहिलं, मग वर. "अगं माय! तुमी?"

"हो. सांगितलं होतं ना."

"बंदूक असली का माणसाचं तोंडच नाई दिसत."

"या ना इकडं. काही होत नाही."

"होत नसन जी," कुसुमावतीबाई तिथूनच म्हणाल्या. "पण पाय नाई येत पुढं."

त्या दिवशी बँक बंद होताना नत्थूजी मॅनेजर मोनाली मॅडमच्या केबिनमध्ये गेले. असे ते कधी गेले नव्हते. "मॅडम, मले काठीवरच ठेवता येईन का? त्या दिवसांत ठेवलं होतं तसं?"

मॅडमनी त्यांना बसायला सांगितलं. "नत्थूजी, जागा हत्यारी गार्डची आहे. बंदूक नसेल तर ती जागाच नाही. एजन्सी तुम्हाला काढून दुसरा माणूस देईल. मला करता आलं असतं तर केलं असतं."

"बरं." ते उठले.

"काही त्रास होतोय का तिथं?"

"नाही. त्रास काहीच नाही." दाराशी जाऊन ते थांबले. "जेवायच्या वेळेले तरी आत ठेवू काय? दोन ते अडीच?"

त्या अर्ध्या तासात व्यवहार बंद असायचे आणि शटर अर्धं खाली असायचं. मॅडमनी विचार केला. आतल्या खोलीत एक लोखंडी कपाट रिकामं होतं. "किल्ली तुमच्याजवळच ठेवायची. आणि बरोबर अडीचला दारात."

तेव्हापासून नत्थूजी दोन वाजता दुनळी कपाटात ठेवून डबा घेऊन बाहेर येतात. बदामाच्या झाडाखाली सिमेंटचा एक बाक आहे, शटर उघडायची वाट पाहणारे लोक तिथं बसतात. पहिल्या दिवशी ते बाकाच्या अगदी कडेला बसले होते. शेजारचा माणूस सरकला आणि म्हणाला, "नीट बसा ना काका, पडान." मग त्यानं सासऱ्याच्या वारसनोंदीची कटकट सांगितली, अडीच वाजेपर्यंत.

संध्याकाळचं काही जमलं नाही अजून. बंदूक वरून पुसायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. ती कुलपात गेली की ते मानकापूरच्या चौकापर्यंत चालत जातात आणि परत येतात. पेपर आता सगळा वाचून होतो, निविदांच्या जाहिरातींसकट.

कुसुमावतीबाईंना त्यांनी लांबूनच सांगून पाहिलं होतं, "दोनले येत जा, बाई. तवा मी बाहेर बसून राहतो."

"दोनले मी झोपतो," त्या म्हणाल्या होत्या. पुढच्या महिन्याच्या पेन्शनलाही त्या अकरालाच आल्या, काम दुसऱ्याकडून करून घेतलं. पण जाताना दाराशी, त्यांच्यापासून दोन हातांवर, थांबल्या. "उद्या पाहतो, झोप नाई लागली तर. मोबाइलमधलं काही विचाराचं आहे मले."

दुसऱ्या दिवशी नत्थूजींनी डबा बाकावर आपल्या शेजारी ठेवला, जागा धरून. भाजी-पोळी सावकाश खाल्ली. मागच्या गल्लीच्या तोंडाकडं दोन-चारदा पाहिलं. भल्लं ऊन होतं, गल्लीत कुणीच नव्हतं. सव्वादोनला एक माणूस घाम पुसत आला. त्यानं बाकाकडं आणि मग डब्याकडं पाहिलं.

"कोणी येऊन राहिलं काय इथं?"

नत्थूजींनी गल्लीकडं आणखी एकदा पाहिलं. मग डबा उचलून मांडीवर घेतला.

"नाही," ते म्हणाले. "बसा. कोठून आले?"